लग्नपत्रिका डॉट एपीके: २५ वर्षांपूर्वीच्या ‘लव्ह लेटर’ची ट्रिक आजही आपल्यावर का चालते?

ऑगस्ट २०२५. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला. लग्नाचं आमंत्रण होतं. ३० तारखेच्या लग्नाला नक्की या, असा आग्रह आणि सोबत प्रेम म्हणजे आनंदाचं दार उघडणारी किल्ली, अशा अर्थाची एक ओळ. खाली पत्रिकेची फाईल, दिसायला पीडीएफसारखी.

त्यांनी फाईल उघडली. पत्रिका काही दिसली नाही, पण खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती फाईल पीडीएफ नव्हतीच. ती एपीके होती, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप इन्स्टॉल करणारी फाईल.

ही बातमी आली तेव्हा खालच्या कमेंट्स ठरलेल्या होत्या. ‘एवढं शिकून असं कसं केलं?’, ‘कोणतीही फाईल कशी काय उघडतात लोक?’ वगैरे वगैरे.

पण अशाच एका फाईलने २५ वर्षांपूर्वी ब्रिटनच्या संसदेची ईमेल यंत्रणा बंद पाडली होती. अमेरिकेच्या पेंटागॉनपर्यंत तिची झळ पोहोचली होती. तिथली माणसं शिकलेली नव्हती असं तर म्हणता येणार नाही. त्या फाईलवरही प्रेमाचाच निरोप होता.

त्यामुळे ‘लोक इतके वेडे कसे’ हा प्रश्न बाजूला ठेवू. ही ट्रिक इतकी वर्षं चालते कशी, ते समजून घेऊ. कारण ते कळलं तरच पुढची पत्रिका तुमच्या फॅमिली ग्रुपवर येईल तेव्हा तुमचा अंगठा थांबेल.

४ मे २००० ला नेमकं काय झालं होतं?

त्या दिवशी गुरुवार होता. फिलिपिन्सची राजधानी मनिलामधून एक ईमेल निघाला. विषयाच्या जागी तीन शब्द, मध्ये जागा न सोडता लिहिलेले: ‘आयलव्हयू’. आत एवढंच लिहिलेलं की सोबत जोडलेलं माझं प्रेमपत्र कृपया वाचा.

खाली अटॅचमेंट होती. तिचं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी’ असं दिसायचं. टीएक्सटी म्हणजे साधी मजकुराची फाईल, तिला कोण घाबरणार? शिवाय मेल पाठवणारा ओळखीचा असायचा. ऑफिसमधला सहकारी, बॉस, जुना क्लायंट, नाहीतर चुलतभाऊ.

बॉसने आपल्याला प्रेमपत्र का पाठवलं असेल, हे बघायला कोण थांबणार? लोकांनी क्लिक केलं.

पुढचं सगळं काही तासांत घडलं. आशियात ऑफिसेस उघडली तशी लागण हाँगकाँगमध्ये पोहोचली. मग युरोपची सकाळ झाली, मग अमेरिकेची. जसजसा दिवस पश्चिमेकडे सरकत गेला तसतसे मेल सर्व्हर कोलमडत गेले. अनेक मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी स्वतःहून ईमेल बंद केले, कारण दुसरा मार्गच दिसत नव्हता. दहा दिवसांत जगभरातले सुमारे ५ कोटी कॉम्प्युटर बाधित झाल्याचा अंदाज त्या काळात सांगितला गेला. नुकसानाचे आकडे अब्जावधी डॉलरच्या घरात होते.

फाईल उघडली की आत काय व्हायचं?

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात, कारण आजच्या एपीकेमध्येही त्याच आहेत.

पहिली गोष्ट फाईलच्या नावाची. फाईलचं पूर्ण नाव ‘डॉट टीएक्सटी’वर संपत नव्हतं. त्यापुढे ‘डॉट व्हीबीएस’ असं आणखी एक शेपूट होतं. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने पाळायच्या हुकुमांची यादी. पण ओळखीच्या प्रकारातल्या फाईलचं शेवटचं शेपूट दाखवायचंच नाही, अशी विंडोजची मूळ सेटिंग होती. त्यामुळे खरं शेपूट लपायचं आणि खोटं तेवढं दिसायचं. विंडोजची ही मूळ सेटिंग आजही तशीच आहे.

दुसरी गोष्ट ॲड्रेस बुकची. फाईल चालू झाली की ती आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःची कॉपी पाठवायची, तीही तुमच्या नावाने. सोबत कॉम्प्युटरमधल्या फोटोंच्या फाईलवर स्वतःचा कोड लिहून फोटो नष्ट करायची, एमपी३ गाणी लपवून ठेवायची आणि पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्राम डाउनलोड करायचा प्रयत्न करायची.

व्हायरस आणि वर्म हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. फरक साधा आहे. व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटतो आणि ती फाईल इकडून तिकडे गेली की सोबत जातो. वर्म स्वतःची कॉपी काढून स्वतःच पुढे जातो. ईमेल वर्मला एकदा तुमचं क्लिक मिळालं की पुढचं पोस्टमनचं काम तो स्वतः करतो आणि पत्ते तुमच्या वहीतून घेतो.

हे केलं कोणी? आणि शिक्षा किती झाली?

तपास मनिलामधल्या ओनेल डी गुझमान नावाच्या तरुण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. तो तिथल्या एका कॉम्प्युटर कॉलेजमध्ये शिकत होता. त्याने कॉलेजात प्रबंधासाठी जो विषय मांडला होता तो पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामचाच होता. कारण काय, तर इंटरनेट परवडत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पासवर्डवर गरिबांना ते वापरता यावं. कॉलेजने प्रस्ताव फेटाळला होता.

शिक्षा झाली शून्य. कारण २००० च्या मे महिन्यात फिलिपिन्समध्ये असा प्रोग्राम सोडणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता. जूनमध्ये कायदा झाला, पण तो मागच्या तारखेने लावता येत नव्हता. ऑगस्टमध्ये त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले.

पुढे २० वर्षांनी, २०२० मध्ये ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइट यांनी त्याला मनिलामध्ये शोधून काढल्याचं समोर आलं. तेव्हा तो मोबाईल रिपेअरिंगच्या छोट्या दुकानात काम करत होता. हा प्रोग्राम आपणच लिहिला, इतका पसरेल असं वाटलं नव्हतं, असं त्याने कबूल केलं. नाव प्रेमपत्राचंच का? तर लोकांना कुणीतरी आपलं हवं असतं, प्रेम हवं असतं, असा त्याचा हिशोब होता.

भारतातही त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये अप्रामाणिक हेतूने व्हायरस सोडला तर या कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा मोबाईललाही लागू आहे. अडचण आरोपी सापडण्याची आहे. फाईल बनवणारा एकीकडे, सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर आणि पैसे ज्या खात्यात जातात ते तिसऱ्याचं, असा मामला असतो.

मग कंपन्या काहीच शिकल्या नाहीत का?

शिकल्या. पण प्रत्येक धड्यानंतर समोरच्यांनी नवा रस्ता काढला.

‘आयलव्हयू’च्या आधी मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला होता. तो वर्डच्या फाईलमधून यायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. त्याचा कर्ता डेव्हिड स्मिथ अमेरिकेत पकडला गेला आणि त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाचा फोटो म्हणून एक फाईल फिरली. नाव फोटोचं, शेवटी पुन्हा तेच व्हीबीएस. म्हणजे इतक्या मोठ्या गोंधळाला वर्षही झालं नव्हतं आणि तीच ट्रिक पुन्हा चालली. जानेवारी २००४ मध्ये मायडूम आला. तो तर ‘तुमचा मेल पोहोचला नाही’ अशा तांत्रिक निरोपाच्या वेषात यायचा.

मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये धोकादायक प्रकारच्या अटॅचमेंट अडवायला सुरुवात केली. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाईलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवायचं त्यांनी ठरवलं, पण ते २०२२ मध्ये. मेलिसानंतर तब्बल २३ वर्षांनी.

मधल्या काळात इमोटेट आला होता. २०१४ पासून फिरणाऱ्या या मालवेअरने पुढे एक नवीच चलाखी शोधली. तो बाधित माणसाच्या मेलबॉक्समधलं जुनं संभाषण चोरायचा आणि त्याच संभाषणात उत्तर म्हणून फाईल पाठवायचा. तुम्ही गेल्या आठवड्यात बिलाबद्दल कुणाशी मेलवर बोलला असाल, तर त्याच विषयाखाली ‘बिल जोडलं आहे’ असा मेल. संशय घ्यायला जागाच नाही. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत आला.

या सगळ्यात तंत्र बदलत गेलं, पण एक गोष्ट तशीच राहिली: फाईल ओळखीच्या माणसाच्या नावाने येते.

आता व्हॉट्सॲपवरची पत्रिका कशी काम करते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या एपीकेबद्दल इशारा दिला होता. लग्नसराईत पत्रिका, एरवी आरटीओचं चलन, वीजबिल, बँकेची केवायसी, सरकारी योजनेची यादी. नावं बदलतात, फाईल तीच.

आधी एक गैरसमज दूर करू. अशी एपीके ग्रुपमध्ये नुसती आली म्हणून फोन हॅक होत नाही. डाउनलोड झाली तरीही नाही. ती इन्स्टॉल व्हावी लागते. त्यासाठी फोन तुम्हाला विचारतो: या सोर्सवरून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का? धोका असू शकतो, असंही सांगतो. म्हणजे आज फोन टोकतो. पण आपल्याला दिवसभर इतक्या परवानग्या विचारल्या जातात की ‘अलाऊ’ दाबायची बोटाला सवय झाली आहे.

इन्स्टॉल झालं की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. काही ॲप नोटिफिकेशन आणि ॲक्सेसिबिलिटीचीही मागतात. ॲक्सेसिबिलिटी ही सोय दिव्यांग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून आहे. तिच्यातून ॲपला स्क्रीनवरचं वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात. एकदा ही परवानगी मिळाली की फोनच्या चाव्या दिल्यासारखंच. काही ॲप आत खोटा फॉर्म दाखवून कार्डचा नंबर, आधार, पॅन भरून घेतात. मग बरेचदा ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं. तुम्हाला वाटतं, फाईल खराब होती, उघडलीच नाही.

पण आता तुमचे एसएमएस कुठेतरी दुसरीकडे वाचले जात असतात. ओटीपी तुम्ही कुणाला सांगितलेला नसतो, तरी तो गेलेला असतो.

हा वर्म आहे का?

काटेकोर बोलायचं तर बहुतेक वेळा नाही, कारण पुढची पाठवापाठवी अनेकदा माणूसच करतो. तुमचा व्हॉट्सॲपचा पडताळणी कोडही एसएमएसनेच येतो. तो वाचला की तुमच्या नंबरचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करता येतं. मग तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. सोसायटीचा ग्रुप, दहावीची बॅच, भावकीचा ग्रुप. ‘आयलव्हयू’च्या वेळी आउटलुकची वही होती, आता तुमचे ग्रुप.

आणि खराखुरा वर्मही व्हॉट्सॲपवर येऊन गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने ब्राझीलमध्ये पसरणाऱ्या सोर्व्हेपोटेल नावाच्या मालवेअरची माहिती दिली. ओळखीच्या माणसाकडून झिप फाईल यायची. ती कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे व्हॉट्सॲप वेब चालू असलं, तर मालवेअर आपोआप सगळ्या कॉन्टॅक्टना आणि ग्रुपना तीच फाईल पाठवायचं.

म्हणूनच ‘अनोळखी नंबरवरून आलेली फाईल उघडू नका’ हा सल्ला अर्धाच आहे. हिंगोलीच्या प्रकरणात नंबर अनोळखी होता हे खरं. पण साखळी पुढे सरकते ती ओळखीच्या नंबरवरून. काकांच्या नंबरवरून पत्रिका आली म्हणजे काकांनीच ती पाठवली, असं नाही. त्यातून फक्त काकांचं अकाउंट वापरलं गेलं एवढंच कळतं.

मग ओळखायचं कसं?

नाव कुणाचं आहे ते सोडा, फाईलचं शेपूट बघा. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, व्हिडिओ असेल. जगात कुणाचीही लग्नपत्रिका ॲप म्हणून इन्स्टॉल करावी लागत नाही. चलनही नाही, वीजबिलही नाही. शेवटी ‘डॉट एपीके’ दिसलं की तिथेच थांबायचं. नावात मध्येच पीडीएफ लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, शेवटचा शब्दच खरा.

फाईल उघडताना फोनने ‘इन्स्टॉल’ हा शब्द वापरला तर ती वाचायची फाईल नाही, हे पक्कं समजा. आणि पाठवणाऱ्याला मेसेज करून विचारू नका, फोन करा. अकाउंट चोराच्या हातात असेल तर ‘हो, मीच पाठवलंय’ असं उत्तरही तोच देईल.

एक काम आजच करून ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी एसएमएसचा कोड चोरला तरी फक्त त्यावर अकाउंट उघडत नाही. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही हे करून द्या.

आयफोनवर एपीके चालत नाही, त्यामुळे ही विशिष्ट फाईल तिथे निरुपयोगी आहे. पण आयफोनवाल्यांनी ती निष्काळजीपणे पुढे ढकलली तर अँड्रॉइडवाल्यांचं नुकसान होतंच.

फाईल इन्स्टॉल झालीच असेल तर?

सगळ्यात आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. त्या ॲपचा बाहेरचा संपर्क तुटला पाहिजे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगा. बँकेचा नंबर कार्डच्या मागचा घ्या, सर्च करून मिळालेला नको, कारण तिथेही खोटे नंबर असतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाईन आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांमध्ये गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे एकदा खात्याखात्यांतून फिरून एटीएममधून निघाले की पाठलाग अवघड होतो. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते.

मेसेज आणि फाईलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुरावा लागतो. मग सेटिंगमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. निघत नसेल तर त्याला दिलेली डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आधी बंद करा. खात्री वाटत नसेल तर फोटो, कागदपत्रं बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट करणं चांगलं. व्हॉट्सॲप गेलं असेल तर फोन साफ झाल्यावर आपल्या नंबरने पुन्हा रजिस्टर करा, म्हणजे दुसरीकडचं लॉगिन तुटतं. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही दिसलं तर तेही काढा.

बँक पैसे परत देते का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची चौकट ठरवून दिली. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर कसलाही भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित रक्कम ग्राहकावर येते. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

एपीकेच्या प्रकरणात भांडण इथेच होतं. बँक म्हणू शकते, ॲप तुम्हीच इन्स्टॉल केलंत. ग्राहक म्हणतो, मी ओटीपी कुणालाच दिला नाही. त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. म्हणून बँकेला लेखी कळवा, तारीख आणि वेळ लिहा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

आणि ग्रुपला सांगा

हे सगळं केल्यावर एक काम उरतं आणि तेच बहुतेक जण टाळतात. ‘माझ्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका’ हे सगळ्या ग्रुपवर सांगणं.

टाळण्याचं कारण लाज. आपण फसलो हे भावकीच्या ग्रुपवर कोण सांगणार? आणि सांगितलं तर खाली काय येईल, हे आपल्याला माहीत असतं, कारण दुसऱ्यांच्या बातमीखाली आपणच ते लिहिलेलं असतं: ‘एवढं शिकून असं कसं केलं?’

अशा एका कमेंटमुळे कुणीतरी दोन तास गप्प बसतं. त्या दोन तासांत फाईल आणखी शंभर फोनवर जाते आणि १९३० ला करायचा फोनही राहून जातो. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘माझं व्हॉट्सॲप हॅक झालंय’ असं लिहिलं, तर हसायच्या आधी विचारा, ‘१९३० ला फोन केलास का?’